चावतो का, खातात का, स्कोप काय?

मराठी माणसाच्या लेखी समुद्रातल्या जीवांचे तीनच वर्ग आहेत: तळायचे, कालवणाचे आणि सुकवायचे. चौथा वर्ग ‘आमच्याकडे चालत नाही’ असं म्हणणाऱ्यांचा. पण तीही मंडळी सुरमई आणि हलव्यातला फरक अशा बारकाव्यानं सांगतात, की त्यांच्याकडे नेमकं काय चालत नाही असा प्रश्न पडावा. शाळेत आपण रंध्रीय, मृदुकाय, संधिपाद, कंटकचर्मी असे शब्द घोकले, तारामाशाची आकृती काढून पाचही हातांना बाण केले, आणि पेपर बाईंच्या हातात पडताक्षणी हा सगळा माल समुद्राला परत केला. आमच्या पिढीचं सागरी जीवशास्त्र म्हणजे मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय. १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं आणि पुढे शाळांच्या शाळांनी तिथे ‘पुढे सरका, पुढे सरका’ हा गजर ऐकत मासे पाहिले. मला त्यातला एकही मासा आठवत नाही. रांगेत पुढे असलेल्या मुलाची मानगूट मात्र आजही ओळखता येईल.

त्यामुळे मुलीच्या शाळेनं नववी-दहावीच्या मुलांसाठी पुण्याहून दापोलीच्या किनाऱ्यावर ‘सागरी जीवशास्त्र अभ्यास सहल’ काढायची ठरवली आणि सोबत दोन पालक हवेत असं कळवलं, तेव्हा मी लगेच हात वर केला. मुलीनं तो खाली करायला लावण्याचा बराच प्रयत्न केला. बसमध्ये तिच्यापासून किमान सहा रांगा लांब बसायचं आणि कुणाच्याही देखत तिला घरच्या नावानं हाक मारायची नाही, या अटींवर अखेर तह झाला. दुसरा हात एका काकूंचा होता. त्यांनी काय बघायचंय ते विचारलंच नाही, उलटीच्या गोळ्या किती आणू एवढंच विचारलं. ताम्हिणी घाटात त्यांची दूरदृष्टी सिद्ध झाली. घाटाविषयी याहून जास्त लिहीत नाही.

त्याआधी पालकसभा झाली होती. तिथे पहिलाच प्रश्न आला, ‘‘पण याला स्कोप काय?’’

विज्ञानाच्या बाईंनी उत्साहानं सांगितलं, की १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यात दोना पावलाला आहे, रत्नागिरीत मत्स्य महाविद्यालय आहे, मुलं पुढे संशोधन करू शकतात. प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘ते असू दे मॅडम. नीटला याचे मार्क किती?’’ बाईंनी प्राणिसृष्टीच्या धड्याचं नाव घेताच सभेत समाधान पसरलं. समुद्र अभ्यासक्रमात आहे म्हटल्यावर त्याच्यावर खर्च करायला कुणाची हरकत राहिली नाही. एका आईनं तर धड्यात जेवढे प्राणी आहेत तेवढेच दाखवा, उगाच जास्तीचे दाखवून मुलांना गोंधळवू नका, अशी सूचनाही केली.

हे दुखणं तसं जुनं आहे. १८३१ साली बावीस वर्षांच्या चार्ल्स डार्विनला ‘बीगल’ जहाजावरून जगप्रवासाला येतोस का अशी विचारणा झाली, तेव्हा त्याच्या वडिलांनी साफ नकार दिला. पोरगा डॉक्टरीचं शिक्षण अर्धवट टाकून आलेला, आता धर्मोपदेशक तरी होईल अशी आशा धरलेली, त्यात हे समुद्राचं खूळ. यातून पुढे काय, हाच त्यांचाही सवाल. शेवटी मामा मध्ये पडले. जोसाया वेजवुड या मामांनी वडिलांच्या एकेका आक्षेपाला उत्तर दिलं आणि संमती मिळवून आणली. देश कुठलाही असो, अडलेलं संमतिपत्र मामाच सोडवून आणतो. दोन वर्षांची म्हणून निघालेली ती सहल जवळजवळ पाच वर्षं चालली. पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप नव्हता म्हणून जमलं.

आमचा होता. बस कोथरूड ओलांडायच्या आत त्यावर ‘पोचलात का?’ असा पहिला प्रश्न आला. पाठोपाठ मुक्कामाला गीझर आहे का, लाटा साधारण किती उंच असतात, आणि ‘माझ्या मुलाला वाळू चालत नाही’ ही माहिती. वाळू चालत नसलेला मुलगा मागच्या सीटवर ज्या प्रकारे वेफर्स खात होता, ते पाहता त्याला बाकी सगळं चालत असावं.

सहलीचे सर्वाधिकारी पीटीचे सर होते. त्यांच्या गळ्यात शिट्टी आणि हातात प्लास्टिकचं आवरण घातलेलं वेळापत्रक. जीवशास्त्राची बाजू सांभाळायला किनाऱ्यावर एक ताई भेटणार होत्या. त्या भेटल्या. सागरी जीवशास्त्रात एम.एस्सी. केलेली, उन्हानं रापलेली, एरवी कमी बोलणारी पण खेकड्याचा विषय निघाला की थांबता न येणारी मुलगी. पहिल्याच संध्याकाळी सर आणि ताई यांच्यात जो प्रसंग झाला त्यात सहलीचं सगळं नाट्य आलं.

‘‘सकाळी साडेआठ ते सव्वानऊ नाश्ता,’’ सर वाचत होते. ‘‘साडेनऊला समुद्र.’’

‘‘सर, उद्या तृतीया आहे,’’ ताई म्हणाल्या. ‘‘ओहोटी सव्वाआठला.’’

‘‘हरकत नाही. आपण साडेनऊला जाऊ.’’

‘‘साडेनऊपर्यंत पाणी फिरलेलं असेल.’’

‘‘कितपत फिरलेलं?’’ सरांनी विचारलं. सूर तडजोडीचा होता. शाळेत त्यांनी मुख्याध्यापकांपासून बसवाल्यापर्यंत सगळ्यांशी वेळा जुळवून घेतल्या होत्या. चंद्राशी बोलणी करायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

आम्ही उतरलो होतो त्या घरच्या काकांनी तेवढ्यात भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे नुसती नजर टाकून निकाल दिला. कोकणात हे गणित लहान मुलांनाही येतं. तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ निघते. तृतीया म्हणजे तीन, तिनाची पाऊणपट सव्वादोन, म्हणून सव्वादोनला पूर्ण भरती, आणि तिच्या सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी. एका मुलानं लगोलग मोबाइलवर भरती-ओहोटीचं ॲप उघडलं. काकांच्या आणि उपग्रहांच्या उत्तरात काही मिनिटांचाच फरक निघाला. मुलगा जरा हिरमुसला, कारण ॲपचे त्यानं पैसे भरले होते.

तर नाश्ता डब्यात भरून बरोबर घ्यायचा ठरला आणि साडेसहाला मुलांना उठवायची कामगिरी माझ्याकडे आली. पंधरा वर्षांचा मुलगा सकाळी साडेसहाला शंखात शिरलेल्या खेकड्यापेक्षाही आत गेलेला असतो. आवाज दिला की आणखी आत जातो. काकूंनी पंखा बंद करून दिवा लावण्याचा उपाय केला, तो मात्र लागू पडला.

हर्णैच्या बाजूला पाणी उतरल्यावर काळे खडक उघडे पडतात आणि त्यांच्या खाचांमध्ये पाणी अडकून लहान-लहान डबकी उरतात. पुढच्या भरतीपर्यंत या डबक्यांमध्ये भरपूर काही चाललेलं असतं. सूचनापत्रात ‘जुने, खराब झाले तरी चालतील असे बूट’ असं लिहिलं होतं. पण या वयाच्या मुलांकडे जुने बूट नसतातच. पायच टिकत नाहीत. त्यामुळे खडकांवर पांढऱ्याशुभ्र, महागड्या बुटांची मिरवणूक उतरली. मुलं शेवाळ टाळून पावलं टाकत होती ती जीव वाचवायला नव्हे, बूट वाचवायला.

आणि मग प्रश्न सुरू झाला. एकच प्रश्न. खेकडा दिसला: ‘‘चावतो का?’’ तारामासा दिसला: ‘‘चावतो का?’’ खडकाला चिकटून बसलेली, पन्नास वर्षं तिथून हलली नसती अशी कालवं दिसली: ‘‘चावतात का?’’ ताई प्रत्येक वेळी शांतपणे उत्तर देत होत्या. तारामासा चावत नाही, तो स्वतःचं पोटच तोंडावाटे बाहेर काढतो आणि शिंपल्याच्या आत सोडून तिथल्या तिथे जेवण पचवतो. हे ऐकल्यावर तो चावला असता तर बरं, असं सगळ्यांना वाटलं. गंमत अशी की एका कपारीत शंकूच्या आकाराची एक नक्षीदार गोगलगाय होती, तिच्याविषयी मात्र कुणी काही विचारलं नाही. दोघांनी सरळ हातच पुढे केला. ताईंचा आवाज पहिल्यांदा चढला तो तेव्हा. या कोन गोगलगाईच्या तोंडात भाल्यासारखा एक दात असतो आणि तो ती विषासकट भक्ष्यात खुपसते. दिसायला सुंदर असलेल्याला ‘चावतो का’ हे आपण विचारतच नाही. दहावीच्या मुलांना ही गोष्ट समुद्रकिनारीच कळलेली बरी.

ताईंचं खरं प्रेम बार्नकलवर होतं. खडकावर पांढरे, टोकाला भोक असलेले खरबरीत उंचवटे दिसतात ना, तेच. आपल्याला तो खडकाचाच भाग वाटतो. ताईंनी आम्हाला एका डबक्याशी ओणवं केलं आणि गप्प बसायला सांगितलं. जरा वेळानं त्या उंचवट्याची दोन कवाडं उघडली, आतून बारीक केसाळ पिसारा बाहेर आला, पाण्यात एक झपका मारला आणि आत गेला. पुन्हा बाहेर, पुन्हा झपका. हे त्याचे पाय. लहानपणी तो पाण्यात मोकळा पोहत असतो, मग एक दिवस जागा पसंत करतो, स्वतःचं डोकं खडकाला चिकटवतो, भोवती भिंती बांधतो आणि जन्मभर उलटा पडून पायांनी अन्न तोंडात ढकलत राहतो. ‘‘म्हणजे सेटल होतो,’’ मागून कुणीतरी म्हणालं. पालक म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

या प्राण्यापायी डार्विननं आठ वर्षं घालवली, १८४६ ते १८५४. घरभर बार्नकलच्या बाटल्या. त्याच्या एका मुलाला तर वाटायचं की सगळ्याच घरांतले बाबा हेच करतात. शेजाऱ्यांकडे गेल्यावर त्यानं विचारलं म्हणे, की इथले काका त्यांची बार्नकलं कुठे बसून करतात? आमच्या बसमधल्या मुलांना घरोघरीचे बाबा लॅपटॉप करताना दिसतात, त्यामुळे त्यांना हा प्रश्न अगदी रास्त वाटला.

एकानं शंका काढली, की जन्मभर एका जागी चिकटून राहिल्यावर यांचं लग्न कसं होतं? ताईंचा चेहरा उजळला. हा त्यांचा आवडता भाग असावा. ‘‘फार मजेदार आहे ते. जागेवरून हलता येत नाही, त्यामुळे शेजाऱ्यापर्यंत पोचण्यासाठी नराचा जो अवयव असतो, तो शरीराच्या मानानं सगळ्या प्राणिसृष्टीत...’’

सरांनी शिट्टी वाजवली.

वाक्य पूर्ण झालं नाही, पण त्यानं काही बिघडलं नाही. ज्या मुलांनी सकाळपासून ‘इथे रेंज नाही’ म्हणून आकांत केला होता, त्यातल्या निम्म्यांना पुढच्या खडकावर पोचेपर्यंत रेंजही मिळाली आणि उत्तरही.

समुद्रकाकडीनं तर मैदानच मारलं. लोळागोळा होऊन पडलेला, काळपट, चामड्यासारखा प्राणी. शत्रूनं फारच छळलं तर स्वतःची आतडी बाहेर फेकतो आणि सावकाश नवीन तयार करतो. ‘‘प्रिलिमनंतर मीपण,’’ असं दहावीतली एक मुलगी म्हणाली. पण इतिहास घडला तो पुढच्या वाक्यानं. समुद्रकाकडी श्वास कुठून घेते? तर पार्श्वभागातून. श्वसनाची झाडासारखी नळकांडी तिथेच असतात, पाणी तिथूनच आत घेते. या माहितीवर जो हशा उसळला त्यानं पलीकडच्या खडकावरचे बगळे उडाले. मी नंतर सगळ्यांच्या वह्या पाहिल्या. तारामाशाचं नाव चौघांनी चार तऱ्हांनी लिहिलं होतं, पण समुद्रकाकडीच्या श्वसनाबद्दल वर्गात संपूर्ण एकमत होतं आणि आकृत्याही स्पष्ट होत्या. नीटला हा प्रश्न आलाच तर या शाळेचा निकाल शंभर टक्के.

ऑक्टोपस दिसला तोही असाच. म्हणजे खडक होता, तो अचानक खडक राहिला नाही, कपारीकडे सरपटत निघाला आणि रंग बदलून पुन्हा खडक झाला. त्याला तीन हृदयं असतात, त्यातलं मुख्य हृदय पोहताना थांबतं, त्यामुळे पोहून तो लवकर दमतो आणि सरपटणं पसंत करतो, असं ताईंनी सांगितलं. ‘‘बघा सर,’’ एक धष्टपुष्ट मुलगा कळकळीनं म्हणाला, ‘‘त्यालापण पीटी झेपत नाही.’’

खडकांच्या टोकाला एक आजी उकिडव्या बसून कालवं काढत होत्या. हातात टोकदार लोखंडी अवजार. एका ठोक्यात वरचं झाकण उडायचं, आतला लुसलुशीत गोळा डब्यात, की पुढचं कालव. आमचं एक पोर जाऊन त्यांच्याशी बोलू लागलं.

‘‘आजी, हे ऑयस्टर ना?’’

‘‘असंल. कांदा-खोबऱ्यात बरी लागतात.’’

‘‘ही आधी नर असतात आणि मोठी झाल्यावर मादी होतात, माहितीये?’’

आजींनी हातातल्या कालवाकडे एकवार पाहिलं. ‘‘चव तीच लागते,’’ म्हणाल्या आणि डब्यात टाकलं.

मग मुलांनी समुद्रकाकडी दाखवून ‘‘हेपण खातात?’’ असं विचारलं. ‘‘तुमच्यात खात असतील तर खा,’’ आजी म्हणाल्या. त्यावर ताईंनी धावत येऊन सांगितलं, की आपल्याकडे तिला २००१ पासून वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, पकडणं गुन्हा आहे. आजींना एकंदरीत आश्चर्य वाटलं ते असल्या वस्तूसाठी कायदा करावा लागला याचंच.

मुलं आता रंगात आली होती. बुटांचा रंग गेला होता, त्यामुळे बुटांची काळजीही गेली होती. सर शिट्टी वाजवत होते आणि ती कुणी ऐकत नव्हतं. तेवढ्यात आजींनी मान वर न करता एकच वाक्य उच्चारलं, ‘‘पोरांनू, तुमचा डबा चालला.’’

नाश्त्याचा डबा सोयीचा म्हणून खालच्या सपाट खडकावर ठेवला होता. पाणी फिरून तिथवर आलं होतं. झाकण उघडं, डबा कलंडलेला, आणि पोह्यांचा पिवळा तवंग डबक्यात पसरत होता. घड्याळात पाहिलं तर सव्वानऊ. वेळापत्रकाप्रमाणे नाश्ता संपायची वेळ अगदी बरोबर साधली होती. बोटाएवढे मासे कुठून कुठून येऊन शेंगदाणे ढकलत होते. ताईंनी माशांची नावं सांगायला सुरुवात केली, पण भुकेल्या माणसाला वर्गीकरणात रस नसतो.

परत निघण्यापूर्वी खिशांची झडती झाली. रिकामा शंखही न्यायचा नाही, असा नियम होता. शंखातल्या खेकड्याला स्वतःचं घर नसतं. मेलेल्या गोगलगाईच्या शंखात तो राहतो आणि अंग वाढलं की मोठा शंख शोधतो. एखादा चांगला शंख रिकामा सापडला तर खेकडे लहान-मोठ्या क्रमानं चक्क रांग लावतात. सगळ्यात मोठा नव्या घरात गेला की त्याचं जुनं घर त्याच्याहून लहान घेतो, त्याचं त्याच्याहून लहान, अशी सगळी रांग एकेका पायरीनं वर सरकते. यात दलाल नाही, स्टॅम्प ड्युटी नाही आणि पार्किंगवरून भांडण नाही. तुम्ही एक शंख शोकेससाठी नेला तर अख्ख्या रांगेचं पझेशन लांबतं. पुण्यातल्या मुलांना हे फार लवकर पटलं. सगळ्यांनी खिसे रिकामे केले. सर्वांत जास्त शंख सरांच्या ट्रॅकसूटमधून निघाले, आणि त्यातल्या एकाला पाय फुटून तो चालू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या ओहोटीला आंजर्ल्याच्या खाडीत चिखलातले खेकडे पाहिले. यांच्यातल्या नराचा एक नांगा प्रचंड मोठा असतो, जवळजवळ त्याच्या अंगाएवढा, आणि तो दिवसभर हवेत हलवत माद्यांना बोलावत असतो. दुसऱ्या चिमुकल्या नांग्यानं जेवतो. मादीचे दोन्ही नांगे लहान आणि कामाचे, त्यामुळे तिचं जेवण दोन हातांनी चालतं. मारामारीत नराचा मोठा नांगा तुटला तर नवीन येतो. काही जातींमध्ये तो दिसायला तेवढाच पण हलका आणि कमजोर असतो. तरी हलवणं तसंच चालू असतं, आणि समोरच्या नराला बघून सांगता येत नाही की हा खरा की नुसता देखावा. मुली हे सगळं टिपून घेत होत्या. जिमला जाणाऱ्या दोघा मुलांनी आपले दंड टी-शर्टाच्या बाहीत ओढून घेतले.

शेजारीच निवट्या उड्या मारत होत्या. हा मासा असून ओहोटीला चिखलावर फिरायला बाहेर पडतो, कातडीतून आणि गालात भरून घेतलेल्या पाण्याच्या आधारानं तगतो. खायचा मासा म्हणून निवटी कोकणात सगळ्यांना ठाऊक. हे त्याचं फिरणं पाहायला मात्र कुणी मुद्दाम जात नाही.

कासवांबद्दल सगळ्यांना सगळ्यात जास्त आशा होती. शेजारच्या मंडणगड तालुक्यात वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेनं गावकऱ्यांना घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांचं राखण सुरू केलं, मग हे काम आंजर्ल्यासकट इतर गावांतही पसरलं. एकेकाळी जी अंडी चोरीला जायची ती आता कुंपणात पुरून ठेवतात, वर टोपली झाकतात, आणि पिल्लं निघाली की सकाळ-संध्याकाळ समुद्रात सोडतात. अंडी साधारण पन्नास दिवस वाळूत असतात. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त, थंड राहिली तर नर. ‘‘म्हणजे एसी लावला की मुलगे,’’ एका मुलीनं शास्त्रीय सारांश काढला.

आम्ही गेलो त्या संध्याकाळी शंभरेक माणसं दोरीमागे मोबाइल वर धरून उभी. कार्यकर्त्यानं टोपली उचलली. खाली वाळू. दुसरी उचलली. वाळू. शांतता पसरली. ‘‘लोडिंग,’’ एक मुलगा म्हणाला. कार्यकर्त्यानं टोपल्या पुन्हा नीट झाकल्या आणि उद्या या म्हणाला. पिल्लांनी दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळचा मुहूर्त धरला, जेव्हा आम्ही हर्णैच्या लिलावात होतो. कुणीतरी काढलेला व्हिडिओ आमच्याआधी पुण्यात पोचला. ग्रुपवर पहिली प्रतिक्रिया: ‘‘छान! पण यात आपली मुलं दिसत नाहीत?’’

हर्णैचा लिलाव मात्र पोटभर पाहिला. होड्या जरा आत थांबतात, बैलगाड्या पाण्यात शिरून मासळी किनाऱ्यावर आणतात आणि वाळूतच ढीग मांडून बोली सुरू होते. ताईंनी दिलेल्या तक्त्यात माशांची नावं भरायची होती. मुलं आधी नाकाला रुमाल लावून, मग रुमाल विसरून हिंडली. एका टोपलीत हातभर लांबीच्या मोऱ्या होत्या. मोरी म्हणजे शार्क, हे कळल्यावर एका मुलाला धक्काच बसला. सिनेमातला शार्क पाहून तो दोन वर्षं पोहायच्या तलावात उतरला नव्हता.

‘‘मावशी, हा चावतो का?’’

‘‘आता नाही चावत,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘किती देऊ?’’

पापलेटाच्या ढिगापाशी ताईंनी सांगितलं, की २०२३ साली याला महाराष्ट्राचा राज्यमासा केलं. मुलांनी विचार सुरू केला. राज्यप्राणी शेकरू, राज्यपक्षी हरियाल, राज्यफुलपाखरू ब्लू मॉर्मन. यातलं कुणी आपल्या ताटात येत नाही. इतका मोठा मान मिळाल्यावरही रव्यात घोळवला जाणारा पापलेट एकटाच. सरकारनं हा मान पापलेटाचा आकार आणि संख्या घटू नये या काळजीपोटीच दिलाय, लहान पिल्लं जाळ्यात सापडतात म्हणून, असंही ताईंनी सांगितलं. मग काही मुलांनी पट्टी काढून मासे मोजायला सुरुवात केली आणि मावश्यांनी त्यांना तिथून हाकललं.

त्या रात्री जेवायला सुरमई होती. सकाळी खेकड्यावर कुणाचा तरी पाय पडेल म्हणून रडवेली झालेली मुलगी दुसरी तुकडी मागताना पाहून मी चकित झालो. तिनं तर्कशुद्ध खुलासा केला, ‘‘काका, सुरमईशी आपली ओळख नव्हती झाली.’’ शाकाहारी टेबलावरही सोलकढीच्या निमित्तानं शेजारच्या ताटांचं बारीक निरीक्षण चालू होतं. ते निरीक्षण त्या पूर्ण सहलीतलं सगळ्यात एकाग्र निरीक्षण असावं.

परतीच्या बसमध्ये अभिप्रायाचे कागद वाटले. ‘काय आवडलं’ या रकान्यात समुद्रकाकडीला बहुमत. ‘काय शिकलात’ या रकान्यातही तीच. ‘काय सुधारता येईल’ इथे जवळजवळ सगळ्यांनी लिहिलं होतं: ओहोटी उशिरा ठेवावी. मी गंमत म्हणून तो कागद ग्रुपवर टाकला. पालकांना त्यात गंमत दिसली नाही. सूचनेला एकामागून एक अंगठे येऊ लागले आणि एका गृहस्थांनी पुढच्या वर्षीसाठी रीतसर विचारणा केली, की साडेदहाच्या सुमाराची ओहोटी मिळू शकेल का?

ताई ग्रुपमध्ये होत्या. त्यांनी प्रामाणिकपणे हिशोब मांडला. मिळेल, षष्ठीला मिळेल. पण तोवर उधाण ओसरलेलं असतं, पाणी फारसं खाली जात नाही, खडक उघडे पडत नाहीत, त्यामुळे बघायला काहीच राहणार नाही.

‘‘चालेल,’’ गृहस्थांचं उत्तर आलं. ‘‘षष्ठीचंच बुक करा.’’